पाहुण्यांची गॅलरी

कोल्हापुरात फुटबॉलचा सीझन सुरू झाला की आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद ठरलेला असतो. शाहू स्टेडियमवर कुठल्यातरी मॅचला गॅलरीत तोंडातोंडी होते, मग बाटल्या, मग दगड, मग बाहेर पेठेत मारामारी, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, आणि ग्रुपवर जो तो बोलायला लागतो. एकजण म्हणतो सीझनच बंद करा, पोरं वाया चाललीत. दुसरा म्हणतो मॅच खेळवा पण गॅलरी रिकामी ठेवा. कुणी म्हणतो गॅलरी आणि मैदानामधली जाळी अजून उंच करा. आणि ज्याचं बोलणं एरवी सगळ्यांना पटतं तो म्हणतो की दोन मोठ्या तालमींची मॅच असली की (आपल्याकडं फुटबॉलच्या टीम पेठेतल्या तालमींच्याच असतात) एकाच तालमीचे समर्थक आत सोडायचे, ह्यावेळी ह्यांचे तर पुढच्या वेळी त्यांचे. मग हमखास कुणीतरी मला टॅग करतं, तू इंग्लंडात असतोस, डर्बी काउंटी क्लबचं तिकीट काढून मॅच बघतोस, तिथं कसं करतात सांग की.

फोनवर टाईप करायला हे मोठं आहे म्हणून इथं लिहितोय. आणि आधीच सांगतो, मला तो शेवटचा उपाय सगळ्यात जास्त खटकतो. बाकीचे रागात बोलतात, हा विचार करून बोलतोय म्हणून जास्त खटकतो.

मी 2015 पासून डर्बीत आहे. डर्बी काउंटीचा पहिला सामना ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्यानं नेऊन दाखवला आणि तिथून पुढं मी त्या क्लबचाच झालो, कारण कोल्हापूरच्या माणसाला एक टीम धरून बसल्याशिवाय फुटबॉल बघताच येत नाही. डर्बीचा हाडवैरी म्हणजे नॉटिंगहॅम फॉरेस्ट. दोन्ही शहरांत पंधराएक मैलांचं अंतर, मधल्या हमरस्त्याला ब्रायन क्लफचं नाव दिलेलं. हा क्लफ म्हणजे दोघांचाही. त्यानं 1972 ला डर्बीला लीग जिंकून दिली, पुढं फॉरेस्टला जाऊन 1978 ला त्यांना जिंकून दिली, वर 1979 आणि 1980 असे लागोपाठ दोन युरोपियन कप. आमच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा, त्यांच्या शहराच्या चौकातही त्याचा पुतळा. आपल्याकडं पेठा एकमेकींचं तोंड बघत नाहीत पण शाहू महाराज सगळ्यांचे, तसंच. वैर असं असतं बघा, एकाच घरातलं.

22 जानेवारी 2022, शनिवार, फॉरेस्टच्या सिटी ग्राउंडवर मॅच. तेव्हा आमचा क्लब दिवाळखोरीत होता, 21 पॉइंट कापलेले, कोच वेन रूनी, आणि क्लब पुढच्या महिन्यात असेल की नाही हेच कुणाला माहीत नव्हतं. मला बाहेरच्या ग्राउंडवरच्या ह्या मॅचचं तिकीट मिळायला काही वर्षं लागली, कारण पाहुण्या टीमची तिकिटं मोजकी असतात आणि तुमचाच क्लब ती विकतो, आधी किती मॅचला गेलात त्याचा हिशोब बघून. सीट नंबर ठरलेला, त्या नंबरापुढं तुमचं नाव. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

ट्रेननं गेलो, अर्धा तास. म्हाताऱ्यानं घरूनच बजावलं होतं, स्कार्फ जॅकेटच्या आत ठेव, चेन गळ्यापर्यंत लाव. त्याचा स्वतःचा स्कार्फ जुना, लोकरीचा, कडेनं उसवलेला, बेसबॉल ग्राउंड ह्या डर्बीच्या जुन्या स्टेडियमच्या काळातला, तो त्यानं छातीशी घडी करून ठेवलेला. नॉटिंगहॅम स्टेशनबाहेर घोड्यावरचे पोलीस, थंडी एवढी की घोड्यांच्या नाकातून वाफ निघत होती. तिथून नदीकडं चालत निघालो तर ट्रेंट नदीवरचा पूल आला, आणि एक सांगतो, आपल्या माणसाला ट्रेंट ब्रिज म्हणलं की क्रिकेटच आठवतं, टेस्टचं ते ग्राउंड फॉरेस्टच्या स्टेडियमच्या अगदी शेजारी आहे, मी क्षणभर मान वळवून तिकडंच बघत राहिलो. पुलावर सगळीकडं लाल स्कार्फ. माझ्या पुढं एक बाई सात-आठ वर्षांच्या पोराचा हात धरून चाललेली, पोरगा सारखा मागं वळून माझ्याकडं बघायचा. माझी चेन थोडी खाली सरकली होती आणि आतला काळा-पांढरा स्कार्फ त्याला दिसला होता. त्यानं आईची बाही ओढली. आईनं मागं बघितलं, मला बघितलं, आणि त्याला हळूच म्हणाली, ते पाहुणे आहेत, त्यांचं गेट पलीकडं आहे. एवढंच. माझ्या पोटात गोळा आला होता तो त्या वाक्यानं सुटला.

पाहुणे! वैऱ्याच्या दारात उभं असताना मला हा शब्द ऐकायला मिळाला.

गेटवर कोविड पास दाखवायचा होता, तेव्हा मोठ्या गर्दीला तो नियम होता, मग अंगाची झडती, मग आत. आणि आत गेल्यावर जे बघितलं ते मला ग्रुपवरच्या पोरांना सांगायचंय. आमच्या गॅलरीत फॉरेस्टचे स्टुअर्ड, म्हणजे गर्दी सांभाळायला क्लबनं ठेवलेली माणसं, होतेच, पण सोबत डर्बीहून आलेले आमचेही स्टुअर्ड होते. त्यातल्या एकानं म्हाताऱ्याला नावानं हाक मारली, गुडघा कसा आहे विचारलं. दोन रांगा खाली एक पोरगं जरा जास्तच उसळत होतं तर तोच माणूस खाली गेला, त्याच्या कानाशी काहीतरी बोलला आणि पोरगं बसलं. पोलिसांचंही तसंच, आमच्या भागातले पोलीस जे दर मॅचला असतात ते पाहुण्यांबरोबर येतात, कारण त्यांना चेहरे माहीत असतात. म्हणजे परक्या गावात आमच्यावर नजर ठेवायला आमचीच माणसं. त्यामुळं गॅलरीत कुणी निनावी नव्हतं. गैर वागलास तर तुझा क्लब तुझं तिकीट बंद करणार, कोर्टानं बॅन ऑर्डर काढली तर काही वर्षं ग्राउंडचं तोंड बघता येणार नाही, परदेशातल्या मोठ्या स्पर्धेच्या वेळी पासपोर्टसुद्धा जमा करावा लागतो.

मॅच 2-1 नं हरलो. हाफटाइमला शून्य-शून्य, मग त्यांचे दोन गोल, आणि अगदी शेवटी आम्हाला पेनल्टी मिळाली, टॉम लॉरेन्सनं मारली आणि मी जी उडी मारली ती आजवर आयुष्यात कुठल्या गोलाला मारली नसेल. हरत होतो हे माहीत होतं, पॉइंट नव्हते, पैसे नव्हते, क्लब बुडत होता, आणि चारी बाजूंनी त्यांची माणसं असताना आमचा तो एक कोपरा ओरडत होता. म्हातारा रडत होता. त्याचा तो उसवलेला स्कार्फ आता बाहेर होता, दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला.

आता आपल्याकडचं.

मी बारावीला असताना माझ्या मावसभावाच्या कपाळावर गॅलरीतून आलेला दगड बसला. चार टाके. कुणाच्या पोरांनी मारला हे आम्हाला माहीत होतं, आजही माहीत आहे, नाव घेणार नाही, कारण त्याच सीझनला आमच्या बाजूनंही दगड गेले होते. दगड मारणारा सोमवारी शाळेत माझ्या पुढच्या बाकावर होता. म्हणजे कोल्हापुरात सगळे सगळ्यांना ओळखतात, गल्ली ओळखते, तालमीतले वडीलधारे तर पोराच्या आज्याला ओळखतात, तरी गॅलरीत बसला की तोच पोरगा निनावी होतो. आपल्याकडं सगळ्यांचं ग्राउंड एकच, घरचं आणि बाहेरचं असं काही नाहीच, आणि त्यामुळं पाहुणा ही जागाच कुणाला मिळत नाही. सगळेच घरचे आणि सगळेच मालक. मग वैऱ्याला बसायला हक्काची जागा आहे हे मान्य कोण करणार?

एकाच बाजूचे समर्थक सोडायचे हा उपाय इंग्लंडनं करून बघितलाय. मार्च 1985 मध्ये ल्यूटन क्लबच्या ग्राउंडवर एफए कप ह्या स्पर्धेच्या मॅचला मिलवॉल क्लबच्या समर्थकांनी मोठी दंगल केली, तेव्हा ल्यूटननं 1986 पासून पाहुण्या समर्थकांना बंदी घातली, फक्त कार्डवाल्या मेंबरांना आत. ती चार सीझन चालली. फुटबॉल लीगला हे पटलं नाही आणि त्यांनी ल्यूटनला एका सीझनला लीग कपमधूनच काढलं. थॅचरबाईंच्या सरकारला तर सगळ्या देशात प्रेक्षकांना ओळखपत्र लावायचं होतं. तोवर जाळ्या उंच झाल्याच होत्या, काही ठिकाणी वरून टोकं काढलेल्या. आणि मग 15 एप्रिल 1989, शेफील्डचं हिल्सबरो, लिव्हरपूल आणि हेच फॉरेस्ट, सेमीफायनल. माणसं त्या जाळीवर चेंगरून मेली. एकूण 97 गेले, शेवटचा कितीतरी वर्षांनी 2021 मध्ये. सुरुवातीला दोष समर्थकांवरच ढकलला गेला, 2016 ला मृत्यूंच्या चौकशीतल्या ज्यूरीनं सांगितलं की समर्थकांचा दोष नव्हता. ह्या दुर्घटनेच्या चौकशीच्या 1990 च्या टेलर रिपोर्टनंतर जाळ्या गेल्या, ओळखपत्राची योजना बारगळली, आणि पाहुण्यांची गॅलरी राहिली. आपल्या ग्रुपवर जाळी उंच करा म्हणणाऱ्यानं हे एकदा वाचावं, रागानं नव्हे, मनापासून सांगतो.

अर्जेंटिनानं उलटा रस्ता धरला. 2013 ला एका समर्थकाचा जीव गेल्यावर तिथं पाहुण्या समर्थकांना देशभर बंदी आली. आणि नोव्हेंबर 2018 मध्ये रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्स ह्या तिथल्या दोन वैरी क्लबांची कोपा लिबर्टाडोरेस ह्या दक्षिण अमेरिकेतल्या क्लब स्पर्धेची फायनल, बोकाचा एकही समर्थक आत येणार नव्हता, तर गर्दीनं बोकाच्या खेळाडूंच्या बसवरच दगड मारले. शेवटी ती मॅच समुद्रापार माद्रिदला नेऊन खेळवावी लागली. समोरची गॅलरी रिकामी केली म्हणून राग रिकामा झाला नाही.

इंग्लंडचं सगळं चांगलं असं मी म्हणत नाही, इतकी वर्षं इथं राहून ते म्हणणं खोटं ठरेल. इथं सगळं सीटवर बसवलं तशी तिकिटं महाग होत गेली, ज्यांच्या बापजाद्यांनी उभं राहून क्लब जगवला त्यांच्या पोरांना आता परवडत नाही. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांच्या तिकिटाला 30 पौंडांची मर्यादा आली ती 2016 ला, समर्थकांनी भांडून घेतलेली. आणि आपल्याकडं काय आहे, तर पेठेतून चालत जायचं, हलगी ऐकत, बाप-लेक-आज्या तिघं एका रांगेत, आणि मैदानात खेळणारं पोरगं काल तुमच्या गल्लीत सायकलवरून गेलेलं. त्यातूनच अनिकेत जाधवसारखा पोरगा 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपपर्यंत गेला. हे इंग्लंडात कितीही पौंड मोजले तरी मिळत नाही. म्हणून सीझन बंद करा हे मी ऐकूनच घेत नाही.

पण ती डर्बीच्या स्टुअर्डची गोष्ट आपल्याला फुकटात करता येते. प्रत्येक तालमीनं आपली दहा-पंधरा वडीलधारी माणसं द्यावीत, अंगात जॅकेट, त्यावर तालमीचं नाव, आणि ती आपल्या पोरांच्या मधोमध बसतील. पोलिसानं दंडुका दाखवला की पोरगं पेटतं, आणि ज्यानं तालमीत लंगोट बांधायला शिकवला त्यानं नुसतं नाव घेऊन हाक मारली की खाली बसतं, हे मी डोळ्यानं बघितलेलं आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत ह्याच तालमी रात्रभर हजारो माणसं सांभाळतात, दोरी धरून, लहान पोरांना मधे घेऊन, तेव्हा ह्यांना जमतं आणि मॅचच्या दोन तासांत जमणार नाही हे मला पटत नाही. मोठ्या मॅचची तिकिटं तालमींनी नावानं द्यावीत, गॅलरी वेगळी, गेट वेगळं, जायची वेळ वेगळी. आणि दगड आला तर नुसती टीमवर बंदी घालून अकरा खेळाडूंचं वर्ष मारू नये, त्या पोराचं नाव त्याच्याच तालमीनं द्यावं. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे, मी तरी माझ्या बाजूच्या दगड मारणाऱ्यांची नावं तेव्हा कुठं दिली होती.

त्या जानेवारीनंतर डर्बी खाली लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पायरीवर, गेली आणि फॉरेस्ट त्याच मे महिन्यात प्रीमियर लीगमध्ये. क्लब वाचला, 2024 ला आम्ही परत वर चढलो, पण त्या पुलावरून स्कार्फ लपवत मी पुन्हा गेलेलो नाही. म्हातारा आता रिटायर झालाय, भेटला की मॅचचं नाही, त्या पेनल्टीचंच बोलतो.

ग्रुपवर हे सगळं थोडक्यात टाकलं तेव्हा पलीकडच्या पेठेतला मित्र, तोच पुढच्या बाकावरचा, बराच वेळ टाईप करत होता. शेवटी त्याचा एवढाच मेसेज आला. ह्या सीझनला सुट्टी काढून ये, आमच्या गॅलरीत माझ्या शेजारी बस, तुला कोण हात लावतो बघतो, फक्त तुमचा गोल झाला तर उडी मारू नको.

मी लिहिलं, येतो. आणि उडी मारणार.