चहाला ओटीपी

पोस्ट लांब आहे. घाई असेल त्यांनी लाइक मारून पुढे जावं, मी राग मानणार नाही. आजचा माझा राग पणजीतच संपलाय.

गेले तीन महिने मी एका ॲपचं डिझाइन करतेय. गाड्यावरचा चहा पेपर कपाऐवजी स्टीलच्या कपातून घ्यायचा आणि कप तिथंच किंवा ठरलेल्या दुसऱ्या कुठल्याही गाड्यावर परत द्यायचा. एवढंच. क्लायंट कोण ते विचारू नका, बिल अजून निघायचंय. आज त्यांना शेवटचं डिझाइन दाखवलं. गाडेवाल्याच्या फोनवर एकच स्क्रीन, त्यावर दोन बटणं: ‘गेला’ आणि ‘आला’. चहा पिणाऱ्यानं फोन खिशातून काढायचासुद्धा नाही. वीस रुपये डिपॉझिट द्यायचं, कप आणून दिला की वीस रुपये परत.

समोरचे साहेब स्क्रीनकडे बघत राहिले. “आणि ॲप कुठाय?”

“हेच ॲप.”

“लोकांची नावं? मोबाइल नंबर? डाउनलोड किती झाले ते आम्ही वर दाखवणार कसं?”

त्यांना काय हवंय ऐका. झाड हवंय. स्क्रीनवर एक रोप, प्रत्येक कपामागं त्याला एक पान. दहा पानं झाली की ‘वसुंधरा मित्र’ असा बॅज, तो मग फेसबुकवर मिरवायचा. एक मॅडम म्हणाल्या, पान फुटताना पक्ष्याचा आवाज ठेवूया. पंधरा रुपयांच्या चहाला पक्षी!

गंमत म्हणजे झाडवालं मी पहिल्या महिन्यात करून बघितलंय. ते घेऊन शुक्रवारच्या बाजाराला म्हापशात एका गाड्यावर उभी राहिले होते. डाउनलोड, नंबर, ओटीपी, लोकेशनची परवानगी, मग क्यूआर. पहिल्या माणसाचा ओटीपी येईपर्यंत त्याच्या चहावर साय धरली. गाडेवाल्याचा एक हात गाळणीवर, दुसरा भज्यांच्या पिठात, फोन खिळ्याला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. तो मला म्हणाला, “बाय, चा पिवपाक ओटीपी जाय?” मागची सगळी रांग हसली. मीही हसले, पण घरी येऊन ते सगळं डिझाइन फेकून दिलं आणि आबांची वही काढली.

आबा म्हणजे माझे आजोबा. डिचोलीजवळच्या आमच्या गावच्या देवळाची आयदनं, म्हणजे भांडी, त्यांच्या ताब्यात असायची. अग्रशाळेतल्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेतल्या, एका काळोख्या खोलीत टोप, पराती, दवल्या आणि देवस्थानचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले दोनशेच्या वर स्टीलचे पेले. गावात लग्न असो, बारसं असो, बाराव्याचं जेवण असो, आयदनं तिथूनच जायची. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबोडकी वही, तिच्यात दोन रकाने: नेली, आणली. पेले परत आले की आबा एकेक उलटा करून अक्षरं बघायचे, कारण दुसऱ्याचा पेला आपल्यात मिसळून येतो. एखादा कमी भरला तर तोंडानं काही बोलत नसत. संध्याकाळी फिरत फिरत त्या घराच्या सोप्यावर जाऊन बसायचे. पावसापाण्याच्या गप्पा, सुपारी. उठायच्या आत पेला यायचा.

माझी दोन बटणं म्हणजे आबांचे दोन रकाने. साहेबांना ते ‘अर्धवट’ वाटलं.

आपल्यातल्या कुणाला पेपर कपाचं पुराण सांगायला नको. १ जुलै २०२२ ला प्लास्टिकच्या कपांवर देशभर बंदी आली आणि ती जागा पेपर कपांनी घेतली. नाव पेपर, आतून पॉलिथिनचा पातळ थर, नाहीतर चहा टिकला असता का कागदात? खरगपूरच्या आयआयटीवाल्यांनी मोजलंय, १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं तर प्लास्टिकचे पंचवीस हजार सूक्ष्म कण उतरतात. पंधरा मिनिटं चहा कोण ठेवतो म्हणा. ओटीपीची वाट बघणारा ठेवत असेल.

आणि सवलतीचं खूळ! ‘आपला कप आणा, दोन रुपये वाचवा.’ अहो, ब्रिटनमध्ये कार्डिफ विद्यापीठाचं हे तपासून झालंय. सवलत दिल्यावर लोक हलले नाहीत. टाकाऊ कपाचे पैसे वेगळे लावले तेव्हा स्वतःचा कप आणू लागले. हे कळायला विद्यापीठ तरी कशाला? रिकामी सोड्याची बाटली दुकानात पोचवायला आम्ही पोरं भांडायचो ती काय पृथ्वीच्या प्रेमानं? डेन्मार्कमधल्या आर्हूस शहरानं जानेवारी २०२४ पासून हेच चालवलंय. पाच क्रोनर डिपॉझिट, रस्त्यावरच्या यंत्रात कप टाकायचा, कार्ड टेकवायचं, पैसे परत. कसलंही ॲप नाही. आपल्याच गोवा सरकारनं २०२४ मध्ये बाटल्या-वेष्टनांसाठी डिपॉझिट रिफंडची योजना अधिसूचित केलीय. हे सगळं मी स्लाइडवर घातलं होतं. साहेब स्लाइड बघत होते तेव्हा त्यांच्या हातात काय होतं ते लिहीत नाही, तुम्ही ओळखलंत.

बरं, दुसरी बाजूही आहे. एकाच बादलीत बुचकळून काढलेले ग्लास आपण सगळ्यांनी बघितलेत. २०२० नंतर लोकांनी त्यांचा धसका घेतला तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. जत्रेच्या रात्री हजारो माणसांना स्टीलचे कप पुरवणं, ते घासणं, त्याला पाणी, त्याला माणसं, हे दोन बटणांत बसत नाही हेही खरं. कप कोण घासणार आणि त्याला दिवसाला किती मिळणार, हा प्रश्न तीन महिन्यांत एकाही मीटिंगमध्ये निघाला नाही. मीही काढला नाही, लिहून टाकते.

इथपर्यंत लिहून झालं आणि वाटलं, पोस्टला वहीचा एक फोटो जोडावा. चांगलं पान शोधायला वही पुन्हा चाळायला लागले. घराघरांची नावं, आबांचं मोडीसारखं वळणदार अक्षर, ‘पेले ६० नेले, ५९ आणले’, आणि समोर नंतर दुसऱ्या शाईनं ‘१ आला’. चाळता चाळता लक्षात आलं, गावच्या खालच्या अंगाला जो वाडा, म्हणजे वस्ती, आहे, तिथलं एकही नाव नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नाही. त्यांच्यात काय लग्नं होत नव्हती?

आईला फोन लावला. ती म्हणाली, “ते लोक नेत नसत गो.”

“नेत नसत की देत नसत?”

बराच वेळ पंख्याचा आवाज ऐकू आला. मग म्हणाली, “आता ते कशाला उकरून काढतेस? आबा वाईट नव्हते.”

नव्हतेच. मला पाटीवर अक्षरं त्यांनीच गिरवायला शिकवली. पण फोन ठेवल्यावर आमच्या घराची मागची पडवी आठवली. भात झोडायला येणाऱ्या बाया तिथं बसायच्या आणि त्यांचा चहा वरून, हात न लागता, करवंटीत ओतला जायचा. स्वैपाकघरात कप नव्हते थोडेच. मी तेव्हा सहा-सात वर्षांची, आणि मला वाटायचं करवंटीतला चहा जास्त चांगला लागत असणार. मी हट्ट धरला होता करवंटीसाठी. काय मार खाल्लाय.

दुपारपासून मी पेपर कपाला शिव्या घालतेय. आता हात जरा अडखळतोय. तो कप सगळ्यांना सारखाच मिळतो, पिऊन झाला की टाकून देता येतो, आधी त्याला कुणाचे ओठ लागले होते हा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. त्या वाड्यातल्या माणसानं मला म्हटलं की बाई, तुझ्या स्टीलच्या पेल्याचं कौतुक तुझ्यापाशी ठेव, तर मी काय उत्तर देणार?

तरी पेपर कप नकोच. पण वहीचा फोटो जोडत नाही. आणि नावं मागायची नाहीत, यावर तर आता मी जास्तच अडून बसणार आहे. सकाळी मी ते सोय म्हणून सांगत होते. आता तसं नाही सांगणार. ज्याच्या हातात कप, त्याचे वीस रुपये. कोण, कुठला, कुठल्या वाड्यातला, स्क्रीनला कळायची गरज नाही. साहेबांना झाड हवं असेल तर त्यांनी ते कंपाउंडात लावावं.

मेल लिहून ठेवलाय, उद्या सकाळी डोकं थंड झाल्यावर पाठवते. त्याआधी एक काम आहे. म्हापशाच्या त्या गाडेवाल्यानं नवं डिझाइन बघून एवढंच म्हटलं होतं की बटणं बारीक आहेत, ओल्या बोटांनी ‘गेला’ दाबायला जातो तर ‘आला’ लागतं. ती मोठी करायचीयत.