एका फोल्डरात दोन कऱ्हाड

फाइलचा रस्ता शोधणे हे संगणकाचे काम असून ते तो निमूटपणे करतो, असा समज सुशिक्षित घरांतून दृढ झालेला आहे. हा समज ज्यांना परवडतो त्यांना माझा नमस्कार. सिस्टीम प्रोग्रॅमिंगवर पोट भरणाऱ्याला मात्र लवकरच कळते की, तिरक्या रेघांनी जोडलेली ती नावांची ओळ कितीही निरखून वाचली तरी ती कुठे पोहोचते हे समजत नाही. ते कर्नल, म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, प्रत्यक्ष चालून जातो तेव्हा ठरते, आणि तो पुन्हा चालला तर वेगळेही ठरू शकते.

साताऱ्यात राजवाड्याजवळ लग्नपत्रिका छापणारे एक दुकान आहे. मालकांना सगळी पेठ आप्पा म्हणते. त्यांची मागणी अशी की, गिऱ्हाइकाने काउंटरवरच्या संगणकात फाइलचे नाव टाकून आपल्या पत्रिकेचा नमुना पाहावा, परंतु दुकानाचा हिशेब त्याच्या नजरेला पडू नये. "फाइल हाय की तिथंच," आप्पा म्हणाले, "तुम्ही फकस्त उघडून दावायची."

"तिथंच" म्हणजे कुठे, हा प्रश्न आप्पांना पडत नाही. शनिवार पेठ म्हटले की साताऱ्यात एक, कऱ्हाडात दुसरी आणि पुण्यात तिसरी; बोलणारा कुठे उभा आहे यावर सारे अवलंबून. तिरक्या रेघेने सुरू न होणाऱ्या रस्त्याचेही तसेच असते. कर्नल त्याची सुरुवात प्रोग्रॅम ज्या डिरेक्टरीत, म्हणजे फोल्डरात, त्या वेळी उभा असेल तिथून करतो. मग एकेक नाव घ्यायचे, ते त्या डिरेक्टरीत शोधायचे, आत शिरण्याची परवानगी आहे का ते पाहायचे आणि पुढचे नाव घ्यायचे. वाटेतले एखादे नाव सापडले नाही तर 'अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही' एवढेच उत्तर मिळते. सात नावांपैकी नेमके कोणते सापडले नाही, हे सांगण्याची पद्धत नाही. एका गिऱ्हाइकाने 'पाटील १२/५' असे टाकले तेव्हा कर्नल 'पाटील १२' नावाची डिरेक्टरी शोधत बसला. फाइलच्या नावात लिनक्सला, म्हणजे दुकानातल्या संगणकाच्या कार्यप्रणालीला, फक्त दोन गोष्टी वर्ज्य आहेत, तिरकी रेघ आणि शून्य किमतीचा बाइट, आणि लग्नाची तारीख तिरक्या रेघेवाचून लिहिणारा मनुष्य सातारा जिल्ह्यात मला अद्याप भेटायचा आहे.

नावाच्या लांबीलाही मर्यादा आहे. लिनक्सच्या बहुतेक फाइल सिस्टीम एका नावाला २५५ बाइट देतात. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, आणि काना, मात्रा, अनुस्वार यांची मोजणी वेगवेगळी होते. म्हणजे इंग्रजाला २५५ अक्षरे, आपल्याला ८५ चिन्हे. 'चि. सौ. कां.' एवढ्यावरच २६ बाइट खर्ची पडतात आणि नवरीचे नाव अजून यायचेच असते. दोन्हीकडच्या आजोबांची नावे फाइलच्या नावात घालण्याचा आग्रह आप्पांनी तेव्हापासून सोडला.

खरा कस लागला तो कऱ्हाडपाशी. दुकानात गावागणिक फोल्डर आहेत: वाई, फलटण, कोरेगाव आणि कऱ्हाड. त्यातले कऱ्हाड दोन होते. एकाच यादीत, एकाखाली एक, अगदी सारखेच दिसणारे. एकात पत्रिका होत्या, दुसऱ्यातही होत्या, मात्र वेगळ्या. आप्पांना त्यात वावगे वाटत नव्हते, कारण "एक सकाळच्या बाईंचं, एक दुपारच्या बाईंचं" अशी वाटणी त्यांनी मनोमन करून टाकली होती. कारण शोधले तर विलक्षण निघाले. सकाळच्या बाई आपल्या कळफलकावर ऱ हे स्वतंत्र अक्षर उमटवून त्याचा पाय मोडतात. त्यांचे कऱ्हाड १८ बाइटांचे. दुपारच्या बाई साध्या र चा पाय मोडून त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. त्यांचे कऱ्हाड २१ बाइटांचे. कर्नल नावे वाचत नाही, बाइट ताडून पाहतो, त्यामुळे त्याच्या लेखी ही दोन निराळी गावे. एकच अक्षर दोन तऱ्हांनी लिहिले असेल तर ते एकसारखे करण्याची युनिकोडची रीत आहे, तिला प्रमाणीकरण म्हणतात; त्या प्रमाणीकरणाने ऱ आणि नुक्ता दिलेला र एक होतात, पण त्या अदृश्य चिन्हाला ते हात लावत नाही. दोन्ही फोल्डर एकत्र करू का, असे विचारताच दोन्ही बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यानंतर मी तो विषय वाढवला नाही.

आता दोन टिंबांविषयी. रस्त्यात '..' आले की एक पायरी वर जायचे, हे शाळकरी पोरही सांगेल. पण कोणाच्या वर? दुकानात 'चालू' नावाची एक लिंक होती, आणि ती '/जुनीडिस्क/लग्नसराई' कडे बोट दाखवत होती. अशा लिंका १९८३ च्या बर्कली युनिक्सपासून रुळल्या आणि तेव्हापासून '..' या दोन टिंबांनी भल्याभल्यांना चकवले आहे. '/दुकान/चालू/../हिशेब' ही ओळ कागदावर सोडवली तर उत्तर येते '/दुकान/हिशेब', म्हणजे दुकानाच्या हद्दीतले आणि मुळात अस्तित्वातच नसलेले. कर्नल मात्र लिंकवरून जुन्या डिस्कवर जातो, तिथून एक पायरी चढतो आणि '/जुनीडिस्क/हिशेब' उघडून देतो. आप्पांची खरी खातेवही तीच. गंमत अशी की शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, 'सीडी' ही फोल्डर बदलण्याची आज्ञा देऊन 'चालू'त शिरले आणि पुन्हा 'सीडी' करून दोन टिंबे दिली, तर शेल आपल्याला शहाण्यासारखे 'दुकान'मध्ये आणून सोडतो. त्याऐवजी तिथेच 'एलएस'ला दोन टिंबे दिली, तर तो जुन्या डिस्कची यादी दाखवतो. दोन आज्ञा, एकच '..', दोन उत्तरे. बेल लॅब्जच्या रॉब पाइक यांनी २००० साली या दोन टिंबांवर अख्खा निबंध लिहिला, त्याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

लिंक लिंकेकडे आणि ती परत पहिलीकडे बोट दाखवत असेल तर लिनक्स ४० लिंकांनंतर हात टेकतो. ही सहनशीलता मला अनुकरणीय वाटते, कारण आमच्याकडच्या कचेरीत दोन खिडक्यांनंतरच माणूस हात टेकतो.

दोन टिंबांनी हिशेब असा उघडा पडू नये यावर पाठ्यपुस्तकी उपाय असा की, आधी 'रिअलपाथ'ने रस्त्याचे खरे रूप काढावे, ते हद्दीत आहे का तपासावे आणि मग फाइल उघडावी. परंतु तपासणे आणि उघडणे यांच्यामध्ये क्षणभराची फट राहते. तेवढ्यात दुकानातल्या पोराने 'चालू'ची दिशा बदलली, तर आपण तपासले एक आणि उघडले भलतेच. म्हणून दोन्ही कामे एकाच दमात कर्नलकडूनच करवून घ्यावी लागतात. त्यासाठी लिनक्स ५.६ मध्ये, म्हणजे २०२० साली, 'ओपनॅट२' ही सोय आली. एक डिरेक्टरी द्यायची आणि बजावायचे की, हिच्या बाहेर पाऊल पडले तर तिथेच थांब.

मी ती वापरली आणि तिने पहिल्याच दिवशी 'चालू' उघडायला साफ नकार दिला, कारण 'चालू'चे बोट हद्दीबाहेर होते. नियमाने ते अगदी बरोबर. पण दुकानाची निम्मी लग्ने त्याच फोल्डरात होती. शेवटी लिंक काढून टाकली, त्या जागी 'चालू' नावाची रिकामी डिरेक्टरी केली आणि तिच्यावर जुन्या डिस्कची 'लग्नसराई' माउंट केली, म्हणजे ती तिथलीच डिरेक्टरी असल्यासारखी जोडून दिली. आता 'चालू'मधून एक पायरी वर चढले की कर्नल माउंटच्या जागेवरून सरळ 'दुकान'मध्ये उतरतो आणि हिशेब सापडत नाही.

आप्पांनी पडद्यावर सगळे फोल्डर उघडून पाहिले. वाई होते, फलटण होते, दोन्ही कऱ्हाड होते, 'चालू'ही होते. मग चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "समदं व्हतं तसंच दिसतंय की राव. बिल कशाचं लावलंय?"