‘श्रद्धा आली की विवेक गेला’ : एका लोकप्रिय विधानाचा प्रतिवाद

‘श्रद्धा जिथे सुरू होते तिथे विवेक संपतो’ हे वाक्य अलीकडे इतक्या वेळा वाचनात येते की ते आता सिद्ध झालेलेच आहे, असे अनेकांना वाटू लागले आहे. त्याच्या पाठोपाठ साधारणपणे चार आरोप येतात : श्रद्धावान माणूस प्रश्न विचारत नाही, आपल्या संतसाहित्याने लोकांना नवससायासांत अडकवले, टाळमृदंगाच्या नादात समाज निष्क्रिय झाला, आणि जी काही सुधारणा झाली ती देवधर्म बाजूला सारणाऱ्यांनीच केली. हे लिहिणाऱ्यांच्या मनात भोंदूगिरीची चीड असते आणि ती चीड मलाही आहे. पण मराठी साहित्याच्या आणि समाजाच्या इतिहासाविषयी एवढे मोठे विधान करायचे, तर तो इतिहास निदान एकदा उघडून पाहायला हवा.

पहिला आरोप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबतो. तुकोबांचा एक आत्मचरित्रपर अभंग आहे. त्यात ते आपली सगळी पडझड सांगतात : दुष्काळाने द्रव्य आटले, मान गेला, एक बायको ‘अन्न अन्न’ करीत मेली, व्यवसाय बुडाला, लाज वाटू लागली. इतके सोसलेला माणूस दैवावर भार टाकून मोकळा झाला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण त्याच अभंगात पुढे ते म्हणतात : ‘सत्य असत्यासी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता.’ खरे काय आणि खोटे काय याचा साक्षीदार म्हणून त्यांनी ना पोथी उभी केली, ना परंपरा, ना गावाचे मत. उभे केले ते स्वतःचे मन. ही ओळ लिहिणारा माणूस प्रश्न विचारीत नव्हता, असे म्हणणे धाडसाचे आहे. आणि तो विठ्ठलावर श्रद्धा ठेवणारा नव्हता, असेही कोणी म्हणू शकणार नाही.

दुसरे उदाहरण एकनाथांचे. ज्ञानेश्वरी १२९० साली पूर्ण झाली. पुढच्या जवळजवळ तीनशे वर्षांत ती हाताने उतरवली जात राहिली आणि प्रत्येक नकलेगणिक पाठ बिघडत गेले, शब्द बदलले. १५८४ साली (शके १५०६) एकनाथांनी पाठ शोधून ग्रंथ शुद्ध केला आणि शेवटी तसे नमूद करून ठेवले : ग्रंथ मुळात अतिशुद्ध होता, पण पाठांतरांमुळे अबद्ध झाला होता. ज्याला आपण आज पाठचिकित्सा म्हणतो, ते हे काम. एखाद्या ग्रंथाला पवित्र मानणारा माणूस त्यात चुका शिरल्या आहेत, हेच मान्य करणार नाही, अशी आपली समजूत असते. इथे नेमके उलटे घडले आहे. ग्रंथ पूज्य होता, म्हणूनच हाती आलेली प्रत जशीच्या तशी स्वीकारणे एकनाथांना पटले नाही. पुढे त्यांनी इशाराही देऊन ठेवला की, या ग्रंथात जो आपली मराठी ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. आपल्या लेखनातील भर मूळ लेखकाच्या नावावर खपवू नये, हे संशोधकाचे पथ्य सोळाव्या शतकातल्या एका भक्ताने इतक्या रोखठोक शब्दांत सांगितले आहे.

दुसरा आरोप नवससायासांचा. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अज्ञानाची लक्षणे सांगताना एका माणसाचे चित्र येते. एकादशीला तो जितका श्रीकृष्णाचा, तितकाच पंचमीला नागांचा. चौथ दिसली की गणेशाचा, चतुर्दशीला ‘माये, मी तुझाच’ म्हणून दुर्गेचा. क्षणभरही तो भजनावाचून राहत नाही. वरवर पाहता हा अत्यंत धार्मिक माणूस आहे, आणि ज्ञानेश्वरांनी त्याला ज्ञानाच्या नव्हे, अज्ञानाच्या प्रकरणात बसवले आहे. देवाकडे काहीतरी मागण्यासाठी जाणे आणि देवाचे असणे यांत ते इतका कडक भेद करतात. तुकोबा तर सरळ विचारतात, ‘नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती?’ नवसाविरुद्ध याहून सोपा युक्तिवाद करता येणार नाही. तो कोणत्याही शिकलेल्या-न शिकलेल्या माणसाला एका श्वासात कळतो.

आरोप करणाऱ्यांची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. चालती भिंत, वेद बोलणारा रेडा, वैकुंठाला गेलेले विमान अशा कथांनी संतांची जी प्रतिमा लोकमानसात ठसली, तिने विचारापेक्षा नवलाईच अधिक पोसली. पण ती प्रतिमा मुख्यतः नंतरच्या चरित्रकारांनी, विशेषतः अठराव्या शतकातल्या महिपतींनी घडवली. त्यांचा ‘भक्तिविजय’ १७६२ सालचा आहे, म्हणजे ज्ञानेश्वरांनंतर साडेचारशेहून अधिक वर्षांनी रचलेला. महिपतींची भक्ती खरी होती, त्यांची गोडीही खरी आहे. परंतु संतांवर खटला भरताना पुरावा म्हणून संतांचे अभंग वाचायचे की त्यांच्याविषयीच्या आख्यायिका, हे आधी ठरवले पाहिजे.

तिसऱ्या आरोपाला फार जागा देण्याची गरज नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनीही संतांवर समाजाला दुबळे केल्याचा ठपका ठेवला होता, आणि न्यायमूर्ती रानडे यांनी त्याच्या अगदी विरुद्ध टोकाला जाऊन मराठ्यांच्या उदयाचे मोठे श्रेय संतांना दिले. दोन्ही मतांत अतिशयोक्ती आहे. इतके मात्र निश्चित की ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी’ म्हणणारे सावता माळी मळा सोडून कुठे गेले नाहीत, गोरोबांनी चाक सोडले नाही, आणि रामदासांनी ‘आधी प्रपंच करावा नेटका’ असा क्रमच लावून दिला. शिवाय दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगून ते थांबले नाहीत. पढतमूर्खांसाठी त्यांनी वेगळा समास लिहिला, कारण बहुश्रुत असूनही अविवेकी असलेला माणूस त्यांना अधिक धोक्याचा वाटला.

आता चौथा आरोप : सुधारणा केली ती अश्रद्धांनीच. आगरकर हे याचे खरे आणि तेजस्वी उदाहरण आहे. त्यांना ईश्वराची गरज भासली नाही आणि त्यांच्याइतका निर्भय विवेक मराठीत विरळा. पण एका आगरकरांवरून नियम तयार होत नाही. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन करणारे जोतीराव फुले यांनी ग्रंथप्रामाण्य, मूर्ती आणि मध्यस्थ सगळे नाकारले, तरी निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, नाकारला नाही. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे त्यांच्या अखेरच्या पुस्तकाचे नावच बोलके आहे. १९०६ साली अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू करणारे विठ्ठल रामजी शिंदे एकेश्वरवादी प्रार्थना समाजाचे प्रचारक होते. गाडगेबाबा कीर्तनात उभे राहून लोकांनाच प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत. पशुबळी देऊ नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, हे सांगताना तुकोबांचे अभंग त्यांच्या मदतीला असत.

त्याही आधी सोयराबाईंनी विचारले होते : ‘देहीचा विटाळ देहीच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म?’ देह विटाळातूनच जन्मतो, मग सोवळा असा कोण उरला? चौदाव्या शतकातल्या एका अस्पृश्य स्त्रीने शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेचा पायाच इथे उखडला आहे, आणि तो विठ्ठलालाच उद्देशून बोलताना. या प्रश्नाने व्यवस्था हलली नाही, हे खरे आहे. सोयराबाईंचे पती चोखोबा, म्हणजे संत चोखामेळा, १३३८ साली मंगळवेढ्यात वेशीचे काम चालू असताना भिंतीखाली गेले. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर बांधली गेली, पण मंदिराच्या आत त्यांच्या लोकांना पुढची सहाशे वर्षे जाता आले नाही. श्रद्धेच्या नावाने दार बंद ठेवणारेही श्रद्धाळूच होते, हे मी लपवणार नाही. माझ्या म्हणण्याची ही सर्वांत दुखरी बाजू आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ सालचा आपला अस्पृश्यतेवरील ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि पुढे १९५६ साली धर्म बदलला. पण त्यांनी धर्म सोडून दिला नाही, तो निवडला, आणि निवडताना विवेकाची कसोटी लावली.

ते बंद दार उघडण्यासाठी साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात आमरण उपोषण आरंभले. दार अडवणाऱ्यांचा देव आणि गुरुजींचा देव एकच होता. सनातनी मंडळींचा विरोध गावात उघडपणे चालू असताना उपोषणाला बसायला जागा दिली ती तनपुरे महाराजांनी, आपल्या मठात. आणि ते वारकरी कीर्तनकार होते.