रिकाम्या पाकिटांच्या दंडाबद्दल खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘रिकामी प्लास्टिक पाकिटं गोळा करायची जबाबदारी आता गिऱ्हाइकाची. दुकानात परत न दिल्यास दंड. कंपन्यांचा संबंध नाही.’ हे चुकीचं आहे.

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम 2016 चे आहेत. फेब्रुवारी 2022 च्या दुरुस्तीत उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालक यांची वापरलेलं पॅकेजिंग गोळा करून त्यावर प्रक्रिया करायची जबाबदारी आकड्यांत बांधली आहे : 2023-24 पासून बाजारात आणलेल्या पॅकेजिंगच्या 100 टक्के. त्यातल्या रिसायकलिंगचं (कचऱ्यापासून पुन्हा माल बनवण्याचं) किमान लक्ष्य 2024-25 साठी कडक डबे-बाटल्यांना 50 टक्के, बहुस्तरीय पाकिटांना (प्लास्टिकसोबत दुसऱ्या पदार्थाचाही थर असलेल्या) 30 टक्के. त्यासाठी कंपन्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. नियम केंद्राचे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या चंदगडला जे लागू तेच कर्नाटकातल्या खानापूरला.

पाकीट परत न दिल्याबद्दल गिऱ्हाइकाला दंड, अशी तरतूद या नियमांत नाही. पण आपल्यावर काहीच नाही, असंही नाही. कचरा वेगळा ठेवून पालिकेच्या किंवा पंचायतीच्या गाडीत द्यायचा, उघड्यावर टाकायचा नाही. परसात जाळणं तर अजिबात नको; तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

आणि दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो चिमुकला तुकडा वेगळा झाला की वेचणाऱ्या बाईच्या हाती लागत नाही, गटारात जातो.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.