पंधरा-चाळीसचं पातक

गोव्यात आमदाराने पक्ष बदलला तर लोक हातातला चहाचा कप खालीसुद्धा ठेवत नाहीत. पण जुन्या ट्रकच्या ऑइलचा नंबर तेवढा बदलून बघा! मी बदलला. जाड वीस-पन्नासवरून जरा पातळ पंधरा-चाळीसवर आलो, बस्स. तेव्हापासून आमच्या साखळी गावच्या बाजारात माझ्या तब्येतीची चौकशी बंद झाली आहे. लोक थेट ट्रकचीच विचारपूस करतात.

ट्रक आमचा सहाचाकी. रिकामा चोर्ल्याचा घाट चढायचा, बेळगावात कोबी, फ्लॉवर, टोमॅटो भरायचे आणि डिचोली-म्हापशाला आणून उतरवायचे, हे त्याचं बारमाही काम. जत्रांचे दिवस लागले की क्रेट बाजूला सारून तो नाटकाचे पडदे आणि राजवाड्याचे खांब वाहतो. इंजिन इतकं जुनं की धुराचा बीएस-6 नियम म्हटलं तर त्याला तो बसचा नंबर वाटेल.

वीस-पन्नास ही आमच्या मेस्त्रीची देणगी. इंजिन जरा झिजलं, ऑइल खायला लागलं, तेव्हा तो म्हणाला, "शेट, जाड घालूया." त्या वेळी ते बरोबरच होतं. पुढे इंजिनाचं काम झालं, रिंगा बदलल्या, ऑइल खाणं थांबलं, पण जाड ऑइल काही थांबलं नाही. मेस्त्रीचं तत्त्वज्ञान असं, की पेजेत शितं नसली की ती पेज नव्हे, आणि ऑइलला अंग नसलं की ते ऑइल नव्हे.

ठिणगी टाकली भाच्याने. वेर्ण्याला कारखान्यात आहे, डिप्लोमावाला. चवथीला आला, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान उतरवताना त्याला हौद्यात ऑइलची बादली दिसली.

"मामा, वीस-पन्नास? गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय?"

पुस्तक होतं. सीटखाली, अंगाऱ्याच्या पुड्यांबरोबर. ते गाडीत असलं की पुरे, अशीच आमची समजूत होती. भाच्याने ते उघडलं आणि मोठ्याने वाचलं : पंधरा-चाळीस.

मग दुपारभर माझी शिकवणी. पहिला आकडा थंडीतला, दुसरा गरम इंजिनातला. पंधराची परीक्षा उणे 20 अंशांवर घेतात, विसाची उणे 15 वर. मी म्हटलं, अरे, साखळीत कडाक्याची थंडी म्हणजे पंखा तीनवरून दोनवर, आपल्याला त्या आकड्याशी काय करायचंय? तर म्हणे, इंजिन तापून काम करतं 100 अंशांच्या आसपास, तिथे पंधरा-चाळीसचा दाटपणा असतो 14-15 सेंटिस्टोक, म्हणजे दाटपणाचं माप. तेच ऑइल 40 अंशांवर 110 च्या घरात जातं, आणि पहाटे त्याच्याही वर. म्हणजे आपली घाम फोडणारी सकाळसुद्धा इंजिनाच्या हिशेबात थंडीच. चावी मारल्यावर ऑइल वर, इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेटपर्यंत पोचेस्तोवर लोखंडावर लोखंड घासतं. जितकं जाड, तितका त्याला उशीर. हे मात्र मला पटलं.

दुसऱ्या आकड्याचा तक्ताही त्याने मोबाइलवर दाखवला. 100 अंशांवर दाटपणा 12.5 ते 16.3 असेल तर चाळीस, तिथून 21.9 पर्यंत पन्नास. मल्टिग्रेड ऑइलला दाट ठेवणारं रसायन रगडून रगडून तुटतं, त्यामुळे वापरातलं पन्नास हळूहळू चाळिशीकडे उतरतं. आपलं नेमकं उलट चालू असतं.

भाच्याची खरी भूक दहा-तीसची होती. शंभर लिटर डिझेलमागे एक-दीड लिटर वाचतं म्हणे. तिथे मी अडलो. झिजलेल्या बेअरिंगांना थोडा जाड पापुद्रा हवाच असतो. त्यातून 2016 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने डिझेल इंजिनांसाठी ऑइलच्या दोन नव्या जाती आणल्या, सीके-4 आणि एफए-4. पैकी एफए-4 जास्त पातळ, आणि ती फक्त नव्या घडणीच्या इंजिनांसाठी. डबा घेताना मागचं बारीक वाचायचं असतं ते यासाठी. वाचलं नाही, तर डिझेल वाचवायला जाऊन क्रँक गमवायचा. आमच्या घरात या विषयावर एकच मत वेगळं होतं. सौ. म्हणाली, "जाड घाला नाहीतर पातळ घाला, पण बादलीचं झाकण फोडू नका. मागच्या खेपेचं फोडलंत." गोव्यातल्या निम्म्या न्हाणीघरांत ऑइल कंपन्यांचीच नावं वाचत आंघोळ होते, तेव्हा तिचं म्हणणं अगदीच गैरलागू नव्हतं.

बादली गॅरेजात नेली. मेस्त्रीने झाकण उघडलं, बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. नाकाशी नेलं. मग अंगठा आणि बोट हळूच लांब करून मधली तार कुठे तुटते ते पाहिलं. लगेच तुटली.

"हें ऑइल न्हय मरे शेट, उदक!"

मी पुस्तक दाखवलं. पुस्तक लिहिणारा कधी चोर्ल्याला गेलाय का, असा त्याचा सवाल. तरी गाडी माझी म्हणून त्याने चेंबरचा नट सोडला. जुनं काळंकुट्ट ऑइल परातीत पडायच्या आत शेजारचे दोघे कॅन घेऊन हजर! जळकं ऑइल कुंपणाच्या खांबांना फासलं की वाळवी लागत नाही. पातळ ऑइलला त्यांचाही विरोधच होता, पण पुढच्या खेपेचं जळकं मात्र आजच सांगून ठेवलं. मेस्त्रीने फिल्टर बदलला, नटाला नवा वायसर घातला आणि ऑइल ओतताना तोंड दुसरीकडे केलं.

बेळगावहून पहिली खेप आली ती ड्रायव्हरच्या बोंबेसकट.

"मालक, काटा पडलाय की ओ!"

ऑइल प्रेशरचा काटा तापल्या इंजिनात, स्लोवर, पूर्वीपेक्षा खाली आला होता. आता हा काटा दाखवतो तरी काय? ऑइलला वाट काढताना होणारा अडथळा. ऑइल पातळ, तर अडथळा कमी, काटा खाली. रेस दिली की वर जात होता, लाल दिवा पेटत नव्हता, ठोका ऐकू येत नव्हता. म्हणजे काळजीचं काही नाही. हे सगळं मी त्याला समजावलं. त्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी काटा पूर्वी जिथे असायचा तिथे काचेवर बायकोची लाल टिकली चिकटवली. तेव्हापासून घाटात तो रस्ता कमी आणि काटा टिकलीला लागतो का ते जास्त बघतो. टिकली मी काढली, की नवी येते.

मग गळती. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडू लागले. मी रात्री तिथे टोमॅटोच्या खोक्याचा पुठ्ठा पसरून ठेवायला लागलो आणि सकाळी फिरायला जाणारे पुठ्ठ्यापाशी थांबून थेंब मोजू लागले. एक निवृत्त गुरुजी तर वाकून, चष्मा कपाळावर चढवून. "काल बरं होतं हो," म्हणून जायचे. मेस्त्रीला आनंद लपवता आला नाही. त्याचं निदान, पातळ ऑइल फटीतून निसटतं. भाचा फोनवरून म्हणाला, सील आधीच कडक होऊन मेलेलं, वर्षानुवर्षांचा गाळच सीलचं काम करत होता, नव्या ऑइलातल्या साबणाने तो धुऊन काढला. माझ्या मते दोघेही बरोबर होते आणि खर्च माझा होता.

क्रँकचं मागचं सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लचप्लेट तशीही संपत आली होती, म्हणून दोन्ही कामं एकदम काढली. जुनं सील मेस्त्रीने स्वतःच माझ्या हातावर ठेवलं. रबर कसलं, नखाने टिचकी मारली तर टक्क वाजलं. त्यावर तो काही बोलला नाही, मीही नाही. नवं सील बसलं, पुठ्ठा कोरडा राहायला लागला, आणि गुरुजींनी फिरायचा रस्ता बदलला.

गिअरबॉक्स खाली उतरलेला असतानाच भाचा आला होता. त्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "मामा, यात अजून नव्वद नंबरचंच गिअर ऑइल घालता?"

मेस्त्रीच्या हातातला पाना थांबला. मी भाच्याला त्याच संध्याकाळी ड्रायव्हरबरोबर कोबी आणायला बेळगावला पाठवून दिला.