खंडपीठ आलं, तरी तहसीलदाराविरुद्ध जायचं कुठे?

१८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं पीठ, सुरू झालं आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दुसरा विषयच उरला नाही. माझा आत्येभाऊ शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. १९७८ साली विधानसभेने ठराव केला तो दोन खंडपीठांसाठी, एक औरंगाबादला आणि एक पुण्याला. औरंगाबादला १९८१ मध्येच कामकाज सुरू झालं. आता ठरावात नाव नसलेल्या कोल्हापूरलाही मिळालं, आणि पुण्याच्या हातात अजून तो ठरावाचा कागदच आहे. त्यावर सांगलीच्या वहिनीने एका ओळीत उत्तर दिलं, "तुम्हाला डेक्कन क्वीन आहे की!"

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. कोल्हापूर ते मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या घरात, पुणे ते मुंबई दीडशे. चंदगडच्या माणसाने एका सुनावणीसाठी रात्रभर एसटीत बसायचं, सकाळी फोर्टात तोंड धुवायला जागा शोधायची आणि दुपारी पुढची तारीख घेऊन परत फिरायचं, हे पुणेकराच्या वाट्याला कधी आलं नाही. पण नकाशा उघडला की पुण्याची तक्रारही नुसती मानापमानाची राहत नाही. शिरूरला घोडनदीचा पूल ओलांडला की नगर जिल्हा, म्हणजे प्रकरण छत्रपती संभाजीनगरला. सारोळ्याला नीरा ओलांडली की सातारा, म्हणजे आता कोल्हापूर. इंदापूर सोडून भीमा ओलांडली की सोलापूर, तेही कोल्हापूरकडे. तीन नद्यांच्या पलीकडचे सगळे आपापल्या खंडपीठाकडे वळले, मधला पुणे जिल्हा तेवढा घाट उतरून मुंबईला जातो.

मी राहते कार्लस्रूहेला. जर्मनीचं घटना न्यायालय याच गावात आहे आणि दिवाणी-फौजदारीचं सर्वोच्च न्यायालयही याच गावात. लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास, बर्लिन रेल्वेने पाच-सहा तास. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना मी राजवाड्याच्या बागेला लागून असलेली घटना न्यायालयाची बसकी, काचेची इमारत दाखवते, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढंच?" सोळा न्यायाधीश, आठ-आठांची दोन पीठं, बारा वर्षांची एकच मुदत. अंगावर लालभडक झगे; ते झगे इथल्याच नाट्यगृहाच्या वेशभूषाकाराने बेतले होते, आणि ते पाहिल्यावर लगेच पटतं. बाकीची सर्वोच्च न्यायालयं देशभर विखुरलेली आहेत: शासकीय वादांचं लाइपझिगला, कामगारांचं एर्फुर्टला, निवृत्तिवेतन-विम्याचं कासेलला, करांचं म्युनिकला. राजधानीत त्यांतलं एकही नाही.

हे सांगितलं की आत्येभावाचे डोळे चमकतात. "बघ! आणि आपल्याकडे एक खंडपीठ द्यायला पन्नास वर्षं." मला त्याचा उत्साह मोडायचा नसतो, पण ही विखुरलेली न्यायालयं काही शुद्ध तत्त्वातून आलेली नाहीत. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालय कार्लस्रूहेला आलं तेव्हा या गावाचं बाडेनची राजधानी असणं युद्धाबरोबर संपलेलं होतं, आणि न्यायालय मिळवायला आणखी शहरंही रांगेत उभी होती. एकीकरणानंतर पूर्वेला काहीतरी द्यायला हवं, म्हणून १९९२ मध्ये शासकीय न्यायालय लाइपझिगला आणि कामगार न्यायालय एर्फुर्टला द्यायचं ठरलं. तेव्हाची एक अट तर आपल्या नेत्यांनाही सुचली नसती: कार्लस्रूहेत नवं दिवाणी पीठ वाढलं, तर एका फौजदारी पीठाने लाइपझिगला जायचं. देवाणघेवाण तिकडेही, इकडेही.

वकिलांचंही तेच. कार्लस्रूहेच्या सर्वोच्च न्यायालयात दिवाणी खटला चालवायचा तर खास परवाना मिळालेले वकीलच लागतात आणि सगळ्या देशात ते आहेत चाळीसच्या आसपास. हॅम्बुर्गच्या नामांकित वकिलालाही त्यांच्यातल्या एकाच्या हाती कागद सोपवावे लागतात. न्यायालय जिथे बसतं तिथे वकिलांची पेठ वसते. मुंबईच्या वकिलांना प्रकरणं पुण्याला जायला नको असतात आणि पुण्याच्या वकिलांना ती हवी असतात, यात कुणी कुणाला नावं ठेवण्यासारखं काही नाही. फक्त दोन्ही बाजू 'पक्षकारांच्या हितासाठी' म्हणतात, तेव्हा पक्षकाराने जरा खिसा चाचपून पाहावा.

पुण्याच्या बाजूचा एक दाखला मात्र मी आत्येभावाला आनंदाने दिला. इथलं वरिष्ठ प्रांतिक न्यायालय, आपल्या उच्च न्यायालयाच्या जवळपास जाणारं, कार्लस्रूहेला असलं तरी त्याची काही दिवाणी पीठं कायम फ्रायबुर्गला बसतात. अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटर, म्हणजे पुणे-मुंबईच. युद्धानंतर फ्रेंचांच्या ताब्यातल्या भागाचं वेगळं न्यायालय तिथे होतं. दोन्ही भाग एक झाले तरी पीठं तिथेच राहिली. तेव्हा 'एवढ्याशा अंतराला कशाला खंडपीठ' हा मुद्दा निदान इथे तरी कुणी काढत नाही.

पण खंडपीठ आल्याने न्यायमूर्ती वाढत नाहीत, हे पुण्याच्या सभांमध्ये फारसं ऐकू येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाला मंजूर पदं ९४, आणि ती सगळी भरलेली असणं हा दुर्मिळ योग. कोल्हापूरला सुरुवातीला चार न्यायमूर्ती गेले, ते त्याच संख्येतून. पुण्याला आणखी चार-सहा पाठवले तर ते मुंबईतूनच येणार, आणि ठाणे-रायगड-नाशिकची रांग तेवढी लांबणार. अंतर कमी झालं म्हणून तारीख लवकर लागते असं नाही. शिवाजीनगर कोर्ट तर पुणेकराच्या दारात आहे, आता मेट्रोचं मोठं स्थानकही खालीच आहे. तिथे वाटणीचा दावा लावलेल्या कुठल्याही घरात विचारून पाहा. (या ठिकाणी कुणीतरी रामशास्त्र्यांचं नाव काढतंच. त्यांनीही एकदा पुणं सोडलं होतं, एवढंच म्हणते आणि पुढे जाते.)

मला वाद घालायचा आहे तो दुसऱ्याच गोष्टीवर. पुण्याच्या सामान्य माणसाला उच्च न्यायालयात जावं लागतं, ते मुळात का?

माझे मामा एका सरकारी खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर खात्याला साक्षात्कार झाला की त्यांची वेतननिश्चिती चुकली होती आणि काही वर्षं त्यांना जादा पगार गेला. ती रक्कम उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) कापून घेतली. आता वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्त झालेल्यांकडून अशी वसुली करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने रफिक मसीह प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्येच सांगितलं आहे. म्हणजे कायद्याचा प्रश्न सुटलेला. तरी तो सुटलेला कायदा आपल्याला लावून घ्यायला मामांना मुंबई गाठावी लागली, कारण राज्य सरकारी नोकरांच्या तक्रारींसाठी १९९१ मध्ये नेमलेलं महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद इथे बसतं. खात्याने उत्तर द्यायला मुदत मागितली, पुन्हा मागितली. मामी प्रत्येक वेळी दशम्या बांधून द्यायची. मिळालेल्या पैशातून प्रवास, वकील आणि लॉजचा खर्च वजा केला तर हातात काय राहिलं, ते मामा सांगत नाहीत.

जमिनीचं बघा. सातबाऱ्यावरच्या फेरफाराचा वाद तहसीलदाराकडून प्रांताकडे, प्रांताकडून कलेक्टरकडे, तिथून आयुक्तांकडे आणि मग मंत्रालयात थेट मंत्र्यापुढे जातो. म्हणजे सरकारच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची ती सरकारकडेच, एकेक जिना चढत. महसुलाच्या बहुतेक बाबतींत दिवाणी न्यायालयाचा दरवाजा १८७६ च्या कायद्याने बंद करून ठेवलेला आहे. जिथे तो उघडा आहे तिथे सरकारवर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० कलमाची नोटीस देऊन दोन महिने थांबायचं. सगळे जिने चढून झाल्यावर खराखुरा न्यायाधीश पहिल्यांदा भेटतो तो उच्च न्यायालयात, राज्यघटनेच्या २२६ किंवा २२७ कलमाखाली. मुळशीच्या शेतकऱ्याला त्याच्या तालुक्यातल्या अधिकाऱ्याची चूक दाखवायला राज्यातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाचा वेळ लागतो. मग तिथे ढीग साचला तर नवल कसलं?

इथे जर्मनीत सरकारविरुद्धची पायरी सर्वांत खाली आहे. आमच्या राज्याची लोकसंख्या महाराष्ट्राच्या दहाव्या भागाएवढी, आणि तेवढ्यासाठी फक्त सरकारी निर्णयांविरुद्ध ऐकणारी चार प्राथमिक न्यायालयं आहेत: श्टुटगार्ट, कार्लस्रूहे, फ्रायबुर्ग आणि सिग्मारिंगेन. शेवटचं तर भोरएवढं गाव. पेन्शन, अपंगत्व, बेकारभत्ता यांसाठी आणखी आठ, वेगळी. त्यांची अपिलं वर जातात, पण पहिली सुनावणी जवळ होते आणि ती न्यायाधीशासमोर होते.

माझ्या शेजारच्या आजींना निवृत्तिवेतन कार्यालयाचं नकाराचं पत्र आलं, तेव्हा हे सगळं मी जवळून पाहिलं. पत्राच्या तळाशी छापलेलं होतं: या निर्णयाविरुद्ध हरकत कुठे घ्यायची आणि किती दिवसांत. हरकत फेटाळली गेली, तर त्या पत्राच्या तळाशी न्यायालयाचं नाव, पत्ता, मुदत एक महिना. हा मजकूर छापायला कार्यालय विसरलं, तर मुदत आपोआप एक वर्षाची होते. त्यामुळे कार्यालय विसरत नाही! आजी न्यायालयात गेल्या, तिथल्या कारकुनाला तोंडी सांगितलं, त्याने लिहून घेतलं, झाला दावा दाखल. वकील नाही, आणि अशा प्रकरणात अर्जदाराला कोर्ट फीही नाही. पुढे कागद मागवणं, डॉक्टरचा अहवाल घेणं, हे न्यायालयानेच करायचं. सत्य शोधणं हे त्याचं काम मानलेलं आहे. ऐकायला एक न्यायाधीश आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन साधे नागरिक.

चुकीच्या न्यायालयात गेलं तरी इथे माणूस बुडत नाही. ते न्यायालयच प्रकरण योग्य ठिकाणी पाठवतं. आपल्याकडे दिवाणी दावा चुकीच्या ठिकाणी लावला तर सहसा तो परत हातात मिळतो आणि आपण पुन्हा वकिलाच्या टेबलाशी.

हा स्वर्ग आहे असं कुणी समजू नये. २०१५ नंतर आश्रय मागणाऱ्यांच्या दाव्यांनी याच शासकीय न्यायालयांचं कंबरडं मोडलं होतं. बांधकाम परवान्याच्या साध्या भांडणाला वर्षं लागल्याच्या तक्रारी मी इथल्याही बागेच्या कुंपणावर ऐकते. आजींचा दावा तर फेटाळला गेला. पण का फेटाळला, ते न्यायाधीशाने त्यांना समोर बसवून सांगितलं, आणि त्या ट्रामने जेवणाच्या वेळेला घरी आल्या.

आत्येभाऊ म्हणतो, ही तुझी परदेशी स्वप्नं. भारतात उच्च न्यायालयाचा अधिकार खाली देता येत नाही. तो काढून घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या चंद्रकुमार निकालाने पक्कं केलंय, मान्य. पण उच्च न्यायालयाच्या आधी एक न्यायिक पायरी ठेवायला तो निकाल आड येत नाही. न्यायाधिकरणांनी आधी ऐकावं आणि मग उच्च न्यायालयात जावं, हेच तर त्यात सांगितलंय. आणि पुण्याला याचा अनुभव नाही असंही नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच बसतं, कौन्सिल हॉलच्या समोर. नदीपात्रातला राडारोडा असो की टेकडीवरचं बांधकाम, पुणेकर सरकारी यंत्रणेविरुद्ध तिथे जातो आणि वेळेला गुजरात-गोव्याची माणसं पुण्याला येतात. समोरच्याच आवारात विभागीय आयुक्त बसतात. त्यांच्या महसुली निर्णयाविरुद्ध मात्र मुंबई.

खंडपीठाच्या मागणीला माझा विरोध नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या ५१ व्या कलमाखाली मुख्य न्यायमूर्तींनी ठरवायचं आणि राज्यपालांनी मंजुरी द्यायची, असा तो मार्ग आहे. औरंगाबाद त्याच वाटेने सुरू झालं आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. कोल्हापूरही त्याच वाटेने आलं. पुण्याचं होईल तेव्हा होईल. ती किल्ली ना पुण्याच्या वकिलांकडे आहे, ना आमदारांकडे.

एक किल्ली मात्र राज्य सरकारच्या खिशात आहे. १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्यानुसार राज्याच्या न्यायाधिकरणाची पीठं कुठे बसतील, हे राज्य सरकारने अधिसूचना काढून ठरवायचं असतं. पुण्यात शिक्षण आयुक्त, कृषी आयुक्त, सहकार आयुक्त, साखर आयुक्त अशी राज्यभरची कार्यालयं आहेत. ज्यांच्या आदेशांवर भांडणं होतात ते अधिकारी इथे, त्यांचे कागद इथे, कर्मचारी इथे. ते कागद आणि ती माणसं सुनावणीला घाट उतरवून न्यायची कशाला? पुणे बार असोसिएशनने पुढच्या वेळी लाल फिती लावून कामबंद करायचं ठरवलं, तर मागण्यांच्या यादीत खंडपीठाच्या वरती 'प्रशासकीय न्यायाधिकरणाचं पीठ पुण्याला' ही एक ओळ घालावी. आत्येभावाला मी तसं कळवलंय. "बघतो" म्हणाला, त्याच्या तोंडून हे मी अशिलांशी बोलतानाही ऐकलेलं आहे.