चिपाडाच्या कार्बनबद्दलच्या तक्रारीला उत्तर

सप्रेम नमस्कार.

उसाच्या चिपाडापासून केलेल्या आमच्या कार्बन पावडरीने आपल्या डाइंगच्या सांडपाण्याचा लाल रंग उतरला नाही आणि करवंटीच्या कार्बनपेक्षा तिचा आयोडीन नंबर (कार्बन किती आयोडीन शोषतो तो आकडा) कमी आहे, असे आपण एक तारा देऊन लिहिले आहे. इचलकरंजीतील इतर प्रोसेसवालेही हे वाचतील, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आयोडीनचा रेणू लहान असल्यामुळे तो आकडा मुख्यतः अतिबारीक छिद्रांचा हिशेब देतो आणि तिथे करवंटीचा कार्बन सरस ठरतो, हे खरेच आहे. सुती कापडाला वापरतात त्या रिॲक्टिव्ह रंगाचा मोठा रेणू मात्र त्यांतल्या बहुतेक छिद्रांत शिरूच शकत नाही. त्याला २ ते ५० नॅनोमीटरची छिद्रे लागतात, आणि फॉस्फरिक आम्लात भिजवून ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेल्या चिपाडात ती चांगली तयार होतात. रंगासाठी कार्बन घेताना मिथिलीन ब्ल्यूचा आकडा, म्हणजे या निळ्या रंगद्रव्याचे किती शोषण होते ते, विचारावा. आमच्या प्रत्येक पोत्यावर तो छापलेला असतो.

आमच्या माणसाने आपल्या टाकीतून आणलेल्या नमुन्याचा पीएच १०.५ भरला, म्हणजे सोडा ॲशचे पाणी उदासीन न करताच त्यात पावडर पडत होती. इतक्या अल्कधर्मी पाण्यात कार्बनच्या पृष्ठभागावर ऋण भार येतो, रंगाचा भारही ऋणच असतो, आणि दोघे एकमेकांना दूर लोटतात. त्याच नमुन्याचा पीएच आम्ही आम्ल घालून ६ वर आणला, तेवढीच पावडर टाकून तासभर ढवळून गाळले, तेव्हा चंचुपात्रात फिकट गुलाबी झाक तेवढी उरली. आम्ल न घातलेले शेजारचे पात्र लालभडकच राहिले. दोन्ही नमुने जपून ठेवले आहेत, आपण येऊन जरूर पाहावेत.

तुरटी किंवा फेरसने (फेरस सल्फेट) गाळ बसवल्यानंतरच, शेवटच्या टप्प्यावर कार्बन वापरावा, नाहीतर इतर सेंद्रिय घाण शोषण्यातच त्याची बरीच ताकद खर्ची पडते. पाण्यातले मीठ त्याने निघत नाही आणि तसे आम्ही कधी सांगितलेलेही नाही.

एक कळकळीची विनंती आहे. आपल्या आवारात वापरलेला कार्बन नाल्याकाठी उघड्यावर पडलेला आमच्या माणसाने पाहिला. पावसात तो रंगासकट पंचगंगेत जाईल, आणि खाली शिरोळ तालुक्यातली गावे तेच पाणी वापरतात. कृपया तो मान्यताप्राप्त विल्हेवाट केंद्राकडेच पाठवावा.

न फोडलेली पोती आम्ही पूर्ण पैसे देऊन परत घेऊ. त्याआधी एकदा आपल्याच ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेवर), आपल्याच ऑपरेटरसमोर चाचणी करू द्यावी. दिवस आपण कळवावा.